आषाढाचा पहिला दिवस, रामटेक आणि मेघदूत: कविता वाचून तुम्ही कधी कुठे गेला आहात का?

रानवेल (नागपूर), ९ जून

नमस्कार मंडळी,

एखादी कविता वाचली आणि तिच्यातली जागा बघायला उठून गेलात, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? गेलात तर काय सापडलं?

विचारायचं कारण असं. रामटेकला मी आजवर पंधरावीस वेळा तरी गेले असेन. शाळेची सहल, चुलतभावाचं जावळ, खिंडसीला बोटिंग, कुणी पाहुणे आले की गडमंदिर. शापित यक्ष ढगाकरवी बायकोला निरोप पाठवतो त्या कालिदासाच्या मेघदूतासाठी एकदाही नाही, आणि त्यातली रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं म्हणतात. आजोबा मनसरच्या मँगनीजच्या खाणीत कारकून होते. दरवर्षी आषाढाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ते ओसरीवर बसून मेघदूत म्हणायचे. आम्हा पोरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, सगळं लक्ष आतल्या भज्यांच्या वासाकडे. ते गेल्यावर त्यांची पुस्तकं घरात वाटली गेली. खाकी कव्हर घातलेलं मेघदूत माझ्याकडे आलं आणि बारा वर्षं कपाटात राहिलं.

मागच्या महिन्यात शांता शेळक्यांनी केलेला मेघदूताचा मराठी अनुवाद हाती आला. एका बैठकीत वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ज्या टेकडीवर बसून मी चिवडा खाल्ला ती हीच?

आता २६ जूनला, आषाढाच्या पहिल्या दिवशी, जायचं मनात आहे. पण धाकधूक वाटते. तिथे पार्किंग, प्रसादाची दुकानं आणि माकडंच दिसली, तर ओसरीवरची ती संध्याकाळही हातची जाईल. जाऊ की नको?

संत्रामंडी

ताई, जा न! एवढं काय विचार करून राहिल्या?

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. यक्षाने कामात हयगय केली, मालक चिडला, आणि वर्षभरासाठी कुठे पाठवलं? आपल्या रामटेकला. शिक्षा म्हणून विदर्भात बदली ही पद्धत किती जुनी आहे बघा!

महालकर

संत्रामंडी, मनापासून हसलो. पण त्याच पहिल्या श्लोकात कवीने यक्षाला 'स्निग्धच्छायातरुषु' म्हणजे दाट सावलीच्या झाडांत ठेवलं आहे, आणि सीतेच्या स्नानाने पुण्य झालेलं पाणीही दिलं आहे. अशी बदली कोण नाकारेल?

रानवेल, तुम्ही अवश्य जा. थोडी पार्श्वभूमी सांगतो, ती घेऊन चढलात तर टेकडी निराळी दिसेल. रामगिरी म्हणजेच रामटेक हे आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. ते मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत आणि ताम्रपट वाचत. त्यांचा मोठा आधार म्हणजे वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, रुद्रसेनाची पत्नी. नवरा लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून राज्य तिने चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्यापासून जवळचं आजचं नगरधन. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला सापडला. त्यात ते दान 'रामगिरिस्वामीच्या पायापाशी' दिल्याचं लिहिलं आहे. म्हणजे त्या काळी या टेकडीला रामगिरी म्हणत आणि इथल्या देवाच्या पायांना मान होता. आणि मेघदूतात काय आहे? ज्याच्या उतारांवर रघुपतीची वंद्य पावलं उमटली आहेत, असा डोंगर. एक धातूवर कोरलेलं, एक भूर्जपत्रावर लिहिलेलं, आणि दोन्हीकडे पाऊलच.

मी हे विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलं. दरवेळी एखादा मुलगा मान वर करून विचारायचा, "सर, आपलं रामटेक?" त्या 'आपलं' या शब्दासाठी मी शिकवत होतो.

डोंगरवाट (पुणे)

माझं मत वेगळं आहे, आणि ते अनुभवातून आलंय. कॉलेजात असताना बोरकरांच्या कवितांनी वेड लावलं होतं. त्या नादात गोव्यात त्यांच्या बोरीला गेलो. जुवारी नदी आहे, माड आहेत, सगळं आहे. पण मी पोचलो भर दुपारी, पुलावर ट्रकांची रांग, घामाच्या धारा. अर्धा तास थांबलो आणि फोंड्याला जाऊन जेवलो. परत आल्यावर तीच कविता वाचायला घेतली की डोळ्यांपुढे ट्रक यायला लागले. हे जायला दोन वर्षं लागली.

कविता ही कवीने जागेतून काढून घेतलेली गोष्ट आहे. उरलेली जागा बघून काय मिळणार? ताई, ओसरीवरची संध्याकाळ मौल्यवान आहे, ती जपा.

निळी_शाई

डोंगरवाटशी अर्धी सहमत. माझे कवी ग्रेस. ते नागपूरचेच, पण 'चंद्रमाधवीचे प्रदेश' घेऊन कुठल्या बसमध्ये बसणार? तो प्रदेश नकाशात नाही. तरी एक सांगते. ग्रेस वाचायला लागल्यापासून याच शहरातली संध्याकाळ मला वेगळी दिसते. ऑफिसातून सुटल्यावर मी मुद्दाम अंबाझरीच्या बांधावरून घरी जाते. पाण्यावरचा उजेड आधी तांबूस होतो, मग राखाडी, आणि मधे दोनच मिनिटं अशी येतात की पाणी आभाळापेक्षा उजळ असतं. ही दोन मिनिटं मी पस्तिशीपर्यंत पाहिलीच नव्हती, आणि माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.

बिलासपुरी

मराठी घरातला पण जन्म छत्तीसगडचा, त्यामुळे बोलणं भाग आहे. रामगिरी म्हणजे आमच्या सरगुजा जिल्ह्यातला रामगढ, असंही अभ्यासक मानतात. तिथे सीताबेंगरा आणि जोगीमारा या लेण्या आहेत. सीताबेंगऱ्याला प्राचीन नाट्यगृह म्हणतात. जोगीमाऱ्यात सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा देवदत्त यांचा ब्राह्मी लेख आहे. विरही यक्षाच्या गोष्टीला यापेक्षा योग्य शेजार कोणता? शिवाय मेघाला पुढे आम्रकूट लागतो. तो बहुतेक जण अमरकंटक मानतात, आणि अमरकंटक आम्हाला जवळ. आमच्याकडे आषाढाच्या पहिल्या दिवशी रामगढ महोत्सव भरतो. यायचं तर इकडे या.

संत्रामंडी

घ्या! बेळगाव संपत नाही तर हा नवा सीमावाद. 😀 दोन्हीकडे जाऊ न भाऊ, ढगाला कुठे टोलनाका आहे.

महालकर

बिलासपुरी, रामगढचा पक्ष दुबळा नाही हे मान्य करतो. सुतनुकेचा लेख मी स्वतः जाऊन पाहिला आहे, अंगावर काटा आला होता. मल्लिनाथासारखा टीकाकार तर रामगिरी म्हणजे चित्रकूट म्हणून मोकळा झाला. चित्रकूट मात्र बसत नाही. मेघ रामगिरीवरून उत्तरेला निघतो आणि मग त्याला वाटेत रेवा, म्हणजे नर्मदा, लागते. चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेलाच आहे. तिथून निघालेल्या ढगाला आधी मागे फिरावं लागेल. रामटेकचं पारडं मला जड वाटतं ते त्या ताम्रपटातल्या नावामुळे.

सावनेरवाला

मी सावनेरचा. आमच्या गावाला येणारे बहुतेक छिंदवाड्याला जाताना चहापुरते थांबतात. पण 'मंगल देशा, पवित्रा देशा' लिहिणारे गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी आमच्या गावात गेले, २३ जानेवारी १९१९ ला. वय अवघं ३३.

नववीत ते गीत पाठ करताना सरांनी हे सांगितलं आणि वर्गात एकदम शांतता झाली. 'राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा' लिहिणारा माणूस शेवटी आला कुठे, तर आमच्या काळ्या मातीत, जिथे नांगराला खडा लागत नाही. त्यानंतर मी उलटा प्रवास केला. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात सह्याद्री बघायला गेलो. राजमाचीच्या वाटेवर हाताला कातळ लागला तेव्हा ती ओळ तोंडात होती. माणसाच्या शेवटच्या गावातून निघून त्याच्या कवितेतल्या दगडाला हात लावायला गेलो होतो. डोंगरवाट दादा, माझं काहीच कमी झालं नाही, उलट 'राकट' हा शब्द तळहाताला कळला.

केळीचं_पान (जळगाव)

आमच्याकडे दोन टोकं आहेत. एक, बहिणाबाईंचं आसोदा. तिथे आणि जळगावात चौधरीवाड्यात जाऊन आले. त्यांच्या वापरातल्या वस्तू पाहिल्या, पण खरं सापडलं ते परतताना रस्त्याकडेच्या विहिरीवर. बाभळीला सुगरणीचे सातआठ खोपे लोंबत होते. एक अर्धवट, नुसती कडी विणलेली, आणि नर उलटा लटकून चोचीने पातं ओढत होता. एवढ्या जवळून की पात्याचा करकर आवाज येत होता. बहिणाबाईंना बघायला गेले ते वाड्यात, भेटल्या त्या विहिरीवर.

दुसरं टोक भादली. जळगावजवळचं छोटं रेल्वे स्टेशन. बालकवी तिथे रुळांवर गेले, ५ मे १९१८. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गाडी तिथून जाते तेव्हा मी पुस्तक मिटते. उतरले कधीच नाही.

अवांतर: बालकवींची 'औदुंबर' वाचून लोक सांगली जिल्ह्यातल्या औदुंबर गावी जातात. गाव सुंदर आहे, कृष्णाकाठ आहे, कवी सुधांशूंचं आहे. पण कवितेतला औदुंबर हे झाड आहे हो, पाण्यात पाय सोडून बसलेलं.

तिरपं_ऊन

सगळ्यांना एक मोफत सल्ला. नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत दिवसा खिडकी मिळवा आणि मेघदूत हातात घ्या. बैतूलच्या घाटात सातपुडा, इटारसीनंतर नर्मदा, पुढे विंध्य, भोपाळ, मग विदिशा. ढगाची वाट अगदी हीच नाही, पण नद्या त्याच क्रमाने येतात. नर्मदेच्या पुलावर डब्यातले लोक नाणी टाकायला उठतात, हात जोडतात. कालिदासाने तिथे लिहिलंय की विंध्याच्या पायथ्याशी खडकांत विखुरलेली रेवा वरून हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीच्या रेघांसारखी दिसेल. उन्हाळ्यात पाणी कमी असताना पुलावरून बघा. खडकांमधून पांढऱ्या रेघा, अगदी तशाच.

मी विदिशेला उतरलो. बेतवा म्हणजे वेत्रवती. जवळ उदयगिरीची लेणी, कवितेतला 'नीचैः' डोंगर तोच मानतात. तिथे भिंतभर वराह कोरलाय, दातावर पृथ्वी उचललेला. लेणी चंद्रगुप्ताच्या काळची. तिथे उभा असताना आठवलं, रामटेकच्या डोंगरावरही वराह आहे! लहानपणी त्याच्या पोटाखालून रांगत गेलोय, अडकलो तर पापी ठरू या भीतीने पोट आत ओढून. आता महालकरकाकांनी प्रभावतीगुप्ता सांगितली तेव्हा दुवा लागला. बापाकडे वराह, लेकीच्या सासरी वराह. माहेरचा देव घेऊन आलेली ती मुलगी मला त्या क्षणापासून इतिहासातली राणी वाटत नाही.

डोंगरवाट, एक लक्षात घ्या. कालिदास स्वतः ढगाला म्हणतो, तुझी वाट वाकडी होईल, पण उज्जयिनी बघितल्याशिवाय जाऊ नकोस. वाकडी वाट करून जागा बघायला जा, हे कवीनेच सांगून ठेवलंय.

पावशा

वर कुणी पक्ष्यांबद्दल बोललं नाही म्हणून. मेघ निघताना त्याच्या डाव्या बाजूला चातक गोड बोलतो, असं यक्ष सांगतो. हा चातक खरा आहे, दंतकथेतला नाही. काळापांढरा, डोक्यावर तुरा, पावसाच्या तोंडाशी आफ्रिकेकडून येतो. अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. पुष्कळ लोक पावशालाच चातक समजतात. 'पेरते व्हा' ओरडतो तो पावशा, चातक वेगळा.

रानवेलताई, २६ ला जाणार असाल तर अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढा, गाडीरस्त्याने नको. सकाळी सातच्या आत. झुडपांच्या शेंड्यावर बघा, आत नाही. आणि कुड्याची फुलं शोधा. यक्ष ढगाला अर्घ्य देतो ते ताज्या कुटजफुलांनी, कुटज म्हणजे आपला कुडा. पांढरी, पाच पाकळ्यांची. देठ मोडलं की दुधासारखा चीक येतो. ओळखायची हीच खूण.

रानवेल

पावशा दादा, हे मी लिहूनच घेतलंय. कुडा मी आजवर पोटदुखीचं औषध म्हणूनच ऐकला होता.

तुम्हा सर्वांमुळे जायचं नक्की. महालकरकाका, एक शंका. आजोबांच्या प्रतीत दुसऱ्या श्लोकात 'प्रथमदिवसे'वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय आणि वर 'श' लिहिलाय. ते काय असेल?

महालकर

रानवेल, तुमचे आजोबा फार चांगले वाचक होते!

दोन पाठ आहेत. 'आषाढस्य प्रथमदिवसे' म्हणजे पहिल्या दिवशी, आणि 'प्रशमदिवसे' म्हणजे आषाढ संपताना. काश्मीरचा वल्लभदेव 'प्रशम' घेतो. मल्लिनाथ तो पाठ नाकारून 'प्रथम' ठेवतो. भांडणाचं मूळ चौथ्या श्लोकात आहे. तिथे 'प्रत्यासन्ने नभसि', म्हणजे श्रावण अगदी जवळ आल्यावर, असं म्हटलं आहे. पहिल्या दिवशी श्रावण महिनाभर लांब असेल तर 'अगदी जवळ' कसा? शिवाय उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीत आषाढ आपल्या पंधरा दिवस आधीच सुरू होतो, म्हणजे गुंता आणखी वाढतो. मी वर्गात 'प्रथम' शिकवलं. कानाला तेच गोड लागतं, हेच माझं खरं कारण.

ताळेबंद

मी हिशेबातला माणूस, कवितेतला नाही. पण धागा वाचून मेघदूत उघडलं आणि एक आकडा सापडला. यक्ष बायकोला निरोप देतो की विष्णू शेषशय्येवरून उठला की माझा शाप संपेल, उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. विष्णू उठतो कार्तिक शुद्ध एकादशीला. चार महिने वजा करा. आषाढ शुद्ध एकादशी येते. पहिला दिवसही नाही, शेवटचाही नाही.

म्हणजे ६ जुलै, रविवार. सुट्टीही आहे.

महालकर

ताळेबंद, हा चार महिन्यांचा मुद्दा टीकाकारांनीही चघळला आहे, पण इतक्या स्वच्छ वजाबाकीने कुणी मांडलेला मला आठवत नाही. शाब्बास.

रानवेल, २७ जून

काल जाऊन आले. खरं ते लिहिते.

ढग नव्हता. एकही नाही. आठवडाभर पावसाने ओढ दिलीय, आभाळ धुतलेल्या ताटासारखं. कामठी, कन्हान, मनसर, सगळीकडे शेतं तिफणीची वाट बघत पडलेली. पायऱ्या चढता चढता साडेसातलाच ऊन चावायला लागलं. वर कालिदास स्मारकात गेले. दुसरा श्लोक म्हणायचा ठरवला होता, पण समोर निळं आभाळ बघून तोंड उघडेना. ढगच नाही तर कुणाला सांगायचं?

कुडा मात्र सापडला. पायऱ्यांच्या डाव्या हाताला, माझ्या खांद्याएवढं झुडूप. देठ मोडलं, चीक आला, बोटं चिकट झाली. पाकळ्या किंचित पिळ घेतलेल्या आणि वास अगदी हलका, नाक टेकवल्याशिवाय न कळणारा. यक्षाने हीच ओंजळ भरली असेल. चातक दिसला नाही. ओरडलेला कदाचित ऐकला, खात्री नाही.

डोंगरवाट दादा, तुम्ही म्हणाला होता ते आठवलं. खाली उतरताना डोळ्यांत पाणी होतं.

डोंगरवाट

ताई, माझं बरोबर ठरलं याचा मला जराही आनंद नाही. वाचून वाईट वाटलं. आणि काल रात्रभर एक विचार करत होतो. मी बोरीला मे महिन्यात, दुपारी दोनला गेलो होतो. बोरकरांनी ज्या नदीवर लिहिलं ती मे महिन्यातल्या दुपारी दोनची नसणार. मी पत्त्यावर गेलो, वेळेवर नाही गेलो. कालिदासाने तर दिवससुद्धा सांगून ठेवलाय, फक्त तो कोणता यावर पंडितांचं भांडण आहे. एकादशीला परत जा.

निळी_शाई

+१. दोन मिनिटांचा उजेड बघायला मी रोज जाते, रोज सापडत नाही.

पावशा

खात्री नाही म्हणालात म्हणून विचारतो. आवाज 'पियू... पियू-पियू' असा धातूच्या घंटीसारखा होता का? असेल तर तोच.

रानवेल

हो! तसाच. म्हणजे तो होता.

रानवेल, ७ जुलै

काल परत गेले. या वेळी आईला घेऊन. तिचं वय ७१, पायऱ्या नको म्हणून वरच्या रस्त्याने. एकादशीची गर्दी होती, गडमंदिरात टाळ चालले होते. कन्हानच्या पुलावरच गार वारा लागला. मनसरला वळलो आणि आई म्हणाली, "थांब, गाडी थांबव."

डोंगर अर्धाच होता. गडमंदिराच्या वरचा भाग नव्हताच. ढग कड्याला टेकला होता, आणि नुसता टेकलेला नव्हता, ढकलत होता. खालच्या अंगाला एक गोल, काळपट फुगा, तो पुढे येई, डोंगराला लागे, मागे सरे, परत येई. श्लोकात 'वप्रक्रीडा' आहे, हत्ती मातीच्या बांधाला दातांनी धडका देतो तो खेळ. मी तो शब्द अनुवादात वाचला होता, टीपेत वाचला होता. रस्त्याच्या कडेला उभी राहून आईचा हात घट्ट धरला. आई म्हणाली, "तुझे आजोबा खाणीतून सुटल्यावर इथेच सायकल लावून उभे राहायचे. घरी उशीर झाला की आजी चिडायची."

हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय.

वर पोचेस्तोवर पाऊस आला. पिशवीतलं पुस्तक भिजलं. खाकी कव्हर लगदा झालं म्हणून देवळाच्या ओवरीत बसून हळूहळू सोडवलं. आत, पुठ्ठ्याच्या उघड्या बाजूवर, आजोबांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. वर लिहिलंय 'डोंगराला टेकला', आणि खाली एकाखाली एक तारखा. ६१: ४ जुलै. ६२: २९ जून. ६३: १० जुलै, उशीर. ६४: २ जुलै, सकाळी. अशा एकोणीस ओळी. शेवटून तिसरीपुढे 'पाहिला नाही, ताप'.

म्हणजे 'प्रथम' की 'प्रशम' हे ते पोथीत शोधत नव्हते, मनसरच्या वळणावर सायकल लावून बघत होते.

आईने ओवरीतल्या एका पोराकडून पेन्सिल मागून आणली. पुठ्ठा ओला होता, अक्षर नीट उमटलं नाही, पण लिहिलंय.

महालकर

रानवेल, जमेल तेव्हा त्या एकोणीसही तारखा इथे टंकाल का? आषाढाच्या तिथीशी एकेक जुळवून बघतो. मिराशींनी ताम्रपट ज्या आस्थेने वाचले, त्याच आस्थेने वाचण्याजोगा हा लेख आहे. आज दुपारपासून मला दुसरं काही सुचलेलं नाही.

ताळेबंद

काका, वर्षवार तक्ता मी करतो. तुम्ही तिथी द्या.

बिलासपुरी

रामगढचा पक्ष सोडत नाही. पण पुढच्या वर्षी मनसरच्या वळणावर मीही असेन. जागा ठेवा.

संत्रामंडी

ताई, वाचून बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, दोघंही गप्प बसलो. आता एकच सांगा, तिकडे गेल्या होत्या तर सात्या, म्हणजे अळंबी, भेटल्या काय?

रानवेल

भेटल्या! मनसरच्या वळणावरच एक बाई टोपलीत पळसाच्या पानांवर घेऊन बसली होती, वारुळाची माती लागलेल्या, छत्र्या अजून न उघडलेल्या. भाव मटणाच्या वर. यक्षही ढगाला म्हणतो की तुझ्या गडगडाटाने जमिनीतून अळंबी वर येतात, तेव्हा घासाघीस केली नाही. एकादशी म्हणून आईने काल हात लावू दिला नाही. आज सकाळी केल्या, नुसता लसूण, तिखट आणि मीठ. तारखा संध्याकाळी टंकते.